निदानापलीकडची वेदना
जेद्दा शहरातील शराफिया भागातल्या दवाखान्यात, बायकामुलांना रत्नागिरी-रायगडकडच्या गावी ठेवून आलेला एखादा कोकणी नोकरदार छातीवर तळवा दाबून बसतो, आणि रक्ततपासणी व हृदयालेख निर्दोष ठरूनही त्याची कळ ओसरत नाही, तेव्हा ‘काही नाही’ असा शेरा मारून त्याची रवानगी करणे अन्यायाचे होय. कारण मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९६९ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या अनुबंध-सिद्धान्तानुसार बाल्यातील जिव्हाळ्याची घडण प्रौढपणीही मागे उरते. आधाराविषयी सदैव साशंक असलेले मन शरीराची क्षुल्लक कुरबुरही मोठ्याने ऐकते, तर दुःख गिळण्यास सरावलेल्या मनाची व्यथा पुष्कळदा पाठदुखीच्या मुखाने बोलते. ही वेदना बनावट नव्हे. म्हणून तपासण्या पुऱ्या झाल्यावर ‘घरी बोलणे होते ना?’ एवढे आस्थेने विचारणे हाही उपचारच मानावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.