कपाटामागची भिंत

मागच्या श्रावणात नात चारठाण्याला राहायला आली आणि तिसऱ्या रात्रीपासून खोकू लागली. आइस्क्रीम बंद झाले, हळद-दूध झाले, वहिनींनी दृष्टही काढली. पुण्याला परतताच खोकला गायब! महालक्ष्म्यांना आली, पुन्हा तेच. जिंतूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मलाच विचारले, "काका, ही झोपते त्या खोलीत कुबट वास येतो का?"

येत होता. इतकी वर्षे येत होता, की आम्हांला तो येईनासा झाला होता. संध्याकाळी तिघांनी मिळून कपाट ओढले. मागची भिंत कंबरेपर्यंत काजळ फासल्यासारखी काळी! जामीनदार टापटीप कपड्यांत समोर आणि कर्जदार भलतीकडेच, अशी प्रकरणे बँकेत पुष्कळ पाहिली. आपल्याच घरात एक निघेल असे वाटले नव्हते.

शेजारी दारातूनच म्हणाले, "अहो, काळी बुरशी!" 2021 साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, या दोन शब्दांनी महाराष्ट्राची झोप उडवली होती. पण तो म्युकरमायकोसिस वेगळ्या जातीच्या बुरशीचा. त्याने गाठले ते मुख्यतः मधुमेह हाताबाहेर गेलेल्या आणि स्टिरॉइड्स घ्यावी लागलेल्या रुग्णांना. भिंतीवरची ही काजळी म्हणजे तो आजार नव्हे. म्हणून ती निरुपद्रवीही नव्हे. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात, श्वासाबरोबर आत जातात आणि दम्याच्या, ॲलर्जीच्या माणसाला, लहान मुलांना छळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती उगाच नाही.

"चांगला भारी रंग मारून टाकू," मुलगा म्हणाला. तीनदा मारला होता. ओलीवर रंग मारणे म्हणजे जुने थकीत कर्ज नव्या कर्जाने फेडून घेणे. वही स्वच्छ दिसते, एवढेच.

याच जागी पूर्वी आमचे माळवद होते. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, वर लाकूड आणि माती. मृगाआधी वडील छतावर नवी माती टाकून चोपून घेत. छतात एक वीतभर भोक होते. त्यातून उजेड येई, चुलीचा धूर जाई आणि त्याबरोबर घरातला दमटपणाही जाई. पावसाची सर आली की आम्हा पोरांपैकी कोणीतरी वर धावायचे, त्यावर पालथे घमेले घालायला.

पण त्या घराचे गोडवे गायला जीभ रेटत नाही. चुलीच्या धुराने आईचे डोळे कायम लाल असत. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला अशाच भिंती आणि अशीच मातीची छते झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. त्यानंतर आमच्या भागात माळवदाखाली कोणाला झोप येईना. वडिलांनी 1996 साली ते पाडले आणि स्लॅब टाकला. बरोबरच केले.

चुकलो ते आम्ही, कागद तपासणारे. त्या वर्षांत घरबांधणीची कितीतरी कर्जे माझ्या सहीने मंजूर झाली. सातबारा पाहिला, जामीनदार पाहिले, इस्टिमेटची बेरीज दोनदा तपासली. खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का, छताजवळ हवा जायला झरोका आहे का, हे एकदाही विचारले नाही. स्वतःच्या घराचेही नाही.

गावातल्या जुन्या दगडी देवळांकडे आता वेगळ्या नजरेने पाहतो. अभिषेकाचे पाणी गाभाऱ्याबाहेर काढायला गोमुख ठेवणाऱ्या कारागिरांना ठाऊक होते, की आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट द्यावी लागते.

आमचे पाणी कुठून येत होते? मिस्त्रींनी एक सोपी युक्ती सांगितली. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्याच वाफेची. आमच्याकडे दोन्हीकडे निघाले! न्हाणीचा नळ भिंतीच्या आत झिरपत होता आणि पावसाळाभर धुणे याच खोलीत, बंद खिडकीशी, दोरीवर वाळत होते.

नळ आधी बदलला. भिंत आठवडाभर सुकू दिली. मग नाकाला फडके बांधून, खिडकी उघडी ठेवून, साबणाच्या ओल्या कापडाने पुसली; कोरडे खरवडले तर ती धूळ घरभर होते. एकाने ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून ओतायला सांगितले होते. कृपा करून तसे करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पोपडे आलेले प्लॅस्टर काढून नवे केले आणि ऑइलपेंटऐवजी साधा चुना दिला. कपाट आता भिंतीपासून चार बोटे पुढे असते.

राहिला झरोका. छताजवळची भिंत फोडायची म्हटल्यावर सौभाग्यवतींनी हरकत घेतली.

"त्यातून साप येईल."

"जाळी बसवू की."

"मग जाळी आधी आणा, भोक नंतर पाडा."

जाळी परभणीहून आणली आहे. मिस्त्री सोमवारी येतो म्हणाले आहेत. नात दिवाळीत येणार आहे.