नायगाराची शीकरकन्या

अमेरिकेंत शिक्षणास किंवा नोकरीस गेलेल्या मुलामुलींकडून घरीं जीं छायाचित्रें येतात, त्यांत एक बहुधा नायगाराचें असतें. अंगावर प्लॅस्टिकचा निळा झगा, केस चिंब, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मागें पांढऱ्या तुषारांवांचून दुसरें कांहींच नाहीं! ज्या बोटीवरून हें चित्र घेतलेलें असतें, तिचें नांव ‘मेड ऑफ द मिस्ट’. ‘मिस्ट’ म्हणजे धुकें, असें कोश सांगतो. पण धबधब्याखालीं उठतें तें धुकें नव्हे. वाऱ्यानें उडणाऱ्या जलकणांस संस्कृतांत ‘शीकर’ असा नेमका शब्द आहे. तेव्हां आपण तिला शीकरकन्या म्हणूं.

ही शीकरकन्या मुळांत सहलीसाठीं जन्मलीच नव्हती. नायगारा नदी ही अमेरिका व कॅनडा यांची सीमा, आणि धबधब्याखालीं ती उंच कड्यांमधील खोल घळींतून वाहते. तेथें पूल नव्हता, त्या काळीं माणसें व टपाल पैलतीरीं पोंचविण्याकरितां २७ मे १८४६ रोजीं चाकांची एक आगबोट सुरू झाली. धंदा जेमतेम दोन वर्षें चालला. १८४८ सालीं घळीवर झुलता पूल झाला. (त्याची पहिली दोरी पलीकडे नेली ती एका पोराच्या पतंगानें! पतंगाच्या पायीं मुलांचे कान धरणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.) पूल झाल्यावर आगबोटीची वाट कोण पाहणार? मालकांनीं मग बोटीचें तोंडच वळविलें. नदी आडवी ओलांडणारी बोट ते सरळ धबधब्याच्या पायथ्याशीं नेऊन परत आणूं लागले. कोठेंही न पोंचणाऱ्या या प्रवासाला लोक आनंदानें पैसे देऊं लागले, आणि १८५४ सालीं पहिलीहून मोठी व सोयीची दुसरी बोट आली.

पण या बोटीच्या कपाळीं एक विचित्र बंदिवास होता. वर धबधबा, खालीं भयंकर खळाळ व भोंवरा. मध्यें दोन-अडीच मैलांचें पाणी, तेवढेंच तिचें जग. घळींतच बांधावयाची आणि घळींतच झिजवावयाची. १८६१ सालीं मालक पैशाच्या अडचणींत सांपडले; तिकडे अमेरिकेंत यादवी युद्धास तोंड लागलें होतें. लिलावांत बोट एका कॅनेडियन कंपनीनें घेतली, परंतु ती ऑन्टेरिओ सरोवरांत आणून द्यावी, अशी अट घातली. म्हणजे ज्या पाण्यांतून कोणतीही बोट कधीं गेली नव्हती, त्यांतून ती काढावयाची!

हें काम कप्तान जोएल रॉबिन्सन यानें पत्करलें. वय पन्नाशी उलटलेलें. धबधब्यावरच्या ओढींत सांपडलेल्यांना जीव धोक्यांत घालून सोडविणारा म्हणून तो आधींच प्रसिद्ध होता. ६ जून १८६१ रोजीं दोन सोबती घेऊन तो निघाला. पहिल्याच खळाळांत बोट कलंडली, धुराडें मोडून वाहून गेलें. पुढें भोंवरा, त्यापुढें पुन्हा खळाळ. तरी तिघेही जिवंत पार पडले. मोबदला पांचशें डॉलर. त्या दिवशीं घरीं आलेला नवरा सकाळीं गेलेल्याहून वीस वर्षांनीं म्हातारा दिसत होता, असें त्याच्या पत्नीनें सांगितल्याची नोंद आहे. त्यानें पुन्हा सुकाणू धरलें नाहीं, आणि दोन वर्षांत तो वारला. पुस्तकांतून या प्रसंगाचें वर्णन केवळ पराक्रम म्हणून येतें. मला मात्र त्या बाईचें बोलणें अधिक खरें वाटतें. बुडणाऱ्या माणसासाठीं प्रवाहांत उडी घेणें वेगळें, आणि विक्रीची अट पुरी व्हावी म्हणून तीन जीव पणाला लावणें वेगळें.

यानंतर चोवीस वर्षें धबधब्याखालीं बोट नव्हती. १८८५ सालीं ती पुन्हा सुरू झाली. पुढें २२ एप्रिल १९५५ रोजीं, हंगामाची तयारी चालूं असतां, दोन्ही जुन्या लांकडी बोटी आगींत जळाल्या. त्याच उन्हाळ्यांत नवी पोलादी बोट पाण्यांत उतरली. ९ जुलै १९६० रोजीं सात वर्षांचा एक मुलगा केवळ तरंगण्याच्या जाकिटासह धबधब्यावरून खालीं आला, तो जिवंत! त्याला पाण्यांतून उचललें तें याच कंपनीच्या बोटीनें.

बोटीवर पुष्कळ वर्षें एक कथा सांगत: तेथील मूळ रहिवासी दरवर्षीं एक कुमारिका धबधब्याला बळी देत. कथा बनावट. त्या लोकांच्या परंपरेंत पाण्याच्या पडद्यामागें गर्जनेचा देव हेनो राहतो. कन्यांचे बळी गोऱ्यांनीं घुसडले. जगन्नाथाच्या रथाचें इंग्रजी भाषेनें काय केलें, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. त्या लोकांनीं निषेध केल्यावर १९९६ सालीं कंपनीनें ही कथा सांगणें बंद केलें. नांव मात्र राहिलें.

२०२० सालीं विजेच्या घटांवर चालणाऱ्या दोन नव्या बोटी आल्या. घळीचा बंदिवास तोच, म्हणून त्यांचे भाग यारीनें कड्यावरून खालीं सोडून तेथेंच जोडावे लागले. दोहोंपैकीं एकीचें नांव ‘निकोला टेस्ला’. त्याच्याच प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीनें १८९६ सालीं नायगाराची वीज वीसेक मैलांवरील बफेलो शहरांत पोंचली होती. आतां उतारू चढ-उतार करीत असतां सातेक मिनिटांत घट भरून घेतात, आणि ती वीजही पाण्यापासूनच काढलेली असते.