विषाणू आठ तुकड्यांचा, डाग मात्र एकाच वस्तीवर!

2009 च्या ऑगस्टमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. 14 वर्षांची शाळकरी मुलगी गेली. शाळा, थिएटरं बंद झाली, नायडू हॉस्पिटलसमोर रांगा लागल्या. आणि वस्तीत? डुकरं पाळणाऱ्या घरांकडे बोटं गेली. "यांच्यामुळंच रोग आला" हे वाक्य आम्ही तेव्हा ऐकलं. आजही तापाची साथ आली की ऐकतो.

या आरोपाची चिकित्सा करू या.

फ्लूच्या विषाणूत जनुकांचे आठ तुकडे असतात. एकाच डुकराला एकाच वेळी दोन वेगळ्या विषाणूंची लागण झाली, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्मतो. 2009 च्या विषाणूचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या विषाणूचे होते. त्या विषाणूतच डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिघांच्या विषाणूंची सरमिसळ आधी झालेली होती. उरलेले दोन तुकडे युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूंचे. पुढच्या संशोधनाने त्याचं मूळ मेक्सिकोतल्या डुकरांत दाखवलं. भारतात मे 2009 मध्ये सापडलेला पहिला रुग्ण परदेशातून आलेला विमानप्रवासी होता. म्हणजे रोग आला विमानतळावरून आणि शिक्षा झाली नाल्याकाठच्या झोपडीला!

उलट, माणसांनीच हा विषाणू डुकरांना दिल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत.

इजिप्तने काय केलं, तेही आठवा. एप्रिल 2009 मध्ये, देशात एकही रुग्ण नसताना, सरकारने सुमारे तीन लाख डुकरं मारण्याचा हुकूम काढला. ती पाळणारे होते कैरोचा कचरा उचलणारे गरीब ख्रिश्चन. साथ थांबली नाही. ओला कचरा खाणारी डुकरं गेली आणि कैरोत कचऱ्याचे ढीग साचले.

याचा अर्थ डुकरांपासून धोका नाही, असा नाही. या विषाणूचे पूर्वज डुकरांत वर्षानुवर्षं फिरत होते आणि कुणी तपासत नव्हतं, हे जनुकांच्या अभ्यासातूनच कळलं. म्हणून डुकरांच्या नाकातले नमुने नियमित घ्या, जनुकं तपासा. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे. पण नमुना घेणारा माणूस दंडुका घेऊन नको, माहिती घेऊन यावा. अहवाल वस्तीला मराठीत कळावा. डुक्कर पाळणारे आणि सफाई कामगार यांना फ्लूची लस आधी मिळावी, कारण धोका आधी त्यांनाच आहे.

माणसांत साथ पसरते ती खोकल्या-शिंकेतून. चाकणला एका खोलीत पाच-सहा कंत्राटी कामगार राहतात. ताप आला तरी कामावर जावं लागतं, कारण खाडा केला की पगार कापला जातो. साथ रोखायची तर या कामगाराला पगारी रजा द्या. डुकरामागे धावणं स्वस्त पडतं, म्हणून व्यवस्था तेच करते.

आता थोडं आपल्याबद्दल, मित्रांनो. डुकरं पाळणाऱ्या कैकाडी, वडार, वाल्मिकी घरांना नाकं मुरडणाऱ्यांत फक्त सोसायटीवाले नसतात. जयंतीला निळा फेटा बांधणारी आपली पोरंही असतात. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. वरचा आपल्याला हिणवतो, आपण खालचा शोधतो. 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी रक्तशुद्धीचा दावा 1936 सालीच खोडून काढला. शुद्ध-अशुद्धतेचं तेच खूळ आता रोगाचं नाव घेऊन परत येत असेल, तर ते आपल्या तोंडून येता कामा नये.

1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं. त्याच प्लेगने 10 मार्चला त्या गेल्या. साथीत बोट कुणाकडे दाखवायचं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढच्या साथीत आपण काय करणार?

जय भीम!