दीड तासाचं माहेर

"विमानाने दीड तास! मग माहेर शेजारीच की तुझं!" माझं माहेर नागपूरचं म्हटलं की नेऱ्यातल्या बायका हमखास असं म्हणतात. लग्न ठरताना मीही आईची हेच सांगून समजूत घातली होती.

हिशेब खोटा नाही. पुणे ते नागपूर सरळ रेषेत अंतर साधारण ६०० किलोमीटर. रस्त्याने ते ७०० च्या पुढे जातं, कारण गाडीला वळणं, फाटे, गावं. विमानाला यातलं काहीच नाही. ताशी ८०० किलोमीटरने पाऊण तासच लागायला हवा. पण धावपट्टीवरची रांग, चढणं, उतरणं धरून त्याचा दीड तास होतो.

हा दीड तास मात्र लोहगावपासून मोजायचा, नेऱ्यापासून नाही! मारुंजी, हिंजवडी, वाकड, नाशिक फाटा, विश्रांतवाडी करत विमानतळ गाठायला गर्दीच्या वेळी दोन तासही लागतात. त्यात दोन तास आधी हजर राहायचं. ओटीचा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही, सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही नाही. तिकडे उतरून महालातल्या घरी जायला आणखी तासभर. दारापासून दारापर्यंत सहा-सात तास झाले. रात्रभराच्या बसपेक्षा तरी बरे, हे कबूल.

पण मोजायचा राहतो तो वेळ वेगळाच. २०१९ साली आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. भावाचा फोन सोमवारी सकाळी आला, मी पोहोचले बुधवारी रात्री. विमानं तर रोज होती. मुलाची परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, "पाहुणे येऊन जाऊ देत, मग जा" आणि तिकिटाचे पैसे मागायचा संकोच, यात तीन दिवस गेले. ऑपरेशनला नेताना आईचा हात शेजारच्या काकूंनी धरला होता. "आलीस ना, झालं," एवढंच ती म्हणाली.

त्याच वर्षी ह्यांचे काका आजारी पडले, तर हे तासाभरात निघाले. पोळ्या कोण करणार, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारूही नये! माझं म्हणणं इतकंच, की तो एक तास आम्हालाही मिळावा.

तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. ऐनवेळचं तिकीट महाग पडतं, म्हणून घरखर्चातून थोडे थोडे बाजूला काढून तेवढी रक्कम माझ्या खात्यात ठेवली. आणि मुलाला कुकर लावायला, पोळ्या लाटायला शिकवलं. पहिल्या पोळ्या नकाशासारख्या झाल्या, पण नागपूर खरोखर जवळ आलं!

मैत्रिणींनो, तुमचं माहेर बारामतीला असो की भंडाऱ्याला, फोन आल्यापासून उंबरा ओलांडेपर्यंत किती वेळ लागेल, तो एकदा मोजा. आणि सगळे जेवायला बसले असताना मोठ्याने मोजा.