कातडीबचाऊ धोरण

माणसाच्या शरीरात लहानमोठे अवयव पुष्कळ आहेत. पण कातडीइतका छळ दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या वाट्याला आलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. यकृताला कोणी लिंबू चोळत नाही. मूत्रपिंडावर बेसन थापून "वाळेपर्यंत हसू नकोस हं!" असं कोणी बजावत नाही. हृदयाला तर कवींनी डोक्यावरच बसवून ठेवलं आहे. ही सगळी मंडळी आत माजघरात सुरक्षित बसलेली. बिचारी कातडी तेवढी ओसरीवर! येणाऱ्याजाणाऱ्यानं यावं, तिच्याकडे बघून नाक मुरडावं आणि दोन सूचना करून जावं.

भाषेनंसुद्धा तिच्यावर अन्यायच केला आहे. निर्लज्ज माणूस असतो गेंड्याच्या कातडीचा. कंजुषाची चमडी गेली तरी दमडी सुटत नाही. कोणाचे उपकार फेडायचे झाले, तर कातड्याचे जोडे शिवायची भाषा. आणि जो स्वतःला सांभाळून राहतो, त्याला आपण तुच्छतेनं कातडीबचाऊ म्हणतो. मी विचारतो, कातडी बचावण्यात वाईट काय आहे? मी उघड उघड कातडीबचाऊ धोरणाचा माणूस आहे, आणि आज त्या धोरणाचा जाहीर प्रचार करणार आहे.

आधी या अवयवाची योग्यता पाहा. प्रौढ माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर, म्हणजे फुटांत वीसच्या आतबाहेर. मुंबईत एवढ्या जागेत न्हाणीघर काढतात. या सगळ्या जागेची देखभाल कातडी स्वतःच करते. वरचा थर झिजतो, खालून नवा येतो. महिना-दीड महिन्यात वरची बाजू नवी कोरी. सोसायटीची मीटिंग नाही, रंगाऱ्याचं टेंडर नाही, वर्गणीवरून भांडण नाही. अगदी वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचा गिलावा. त्यामुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचे जंतू बाहेर. हा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. आपला नेहमीचा अंगाचा साबण मात्र नऊ-दहाचा, म्हणजे धुण्याच्या वडीचा सख्खा चुलतभाऊ. आपण रोज सकाळी कढत पाणी, दोन हात साबण आणि वर खरखरीत घासणी घेऊन हा गिलावा खरवडून काढतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो! मग अंगाला खाज सुटते. मग शेजारच्या काकू निदान करतात, "रक्त बिघडलंय." रक्त जागच्या जागी असतं हो, बिघडलेला असतो तो गिलावा.

पण हे सगळं कोण बघतो? कातडीला आपण जन्मभर एकच प्रश्न विचारतो : "गोरी की काळी?" लग्नाच्या जाहिरातींत मराठी भाषेनं या बाबतीत जी समृद्धी दाखवली आहे, ती अन्यत्र क्वचितच. गोरी, गव्हाळ गोरी, निमगोरी, उजळ, उजळ सावळी, सावळी पण नाकीडोळी नीटस, आणि सर्वांत शेवटची छटा म्हणजे "स्वभावानं फार चांगली"! मुलग्याच्या रंगाबद्दल चौकशी करायची पद्धत नाही. तो डांबराच्या पिंपातून नुकताच बाहेर आलेला असला तरी "मुलगा बँकेत आहे" एवढं पुरतं.

या एका प्रश्नावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाची ट्यूब बाजारात आली आणि पंचेचाळीस वर्षं घरोघरच्या आरशांसमोर नांदली. २०२० साली तिच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. गोरेपणाचं नाव 'तेज' झालं इतकंच. आमच्या वाण्याच्या दुकानात मात्र "ती गोरं व्हायची द्या हो" असं म्हटलं की अजून तीच ट्यूब पुढे येते.

आणि गंमत म्हणजे हा सगळा उद्योग चालतो कोणाच्या राज्यात? तर काळ्या विठोबाच्या! आषाढीला त्या सावळ्या रूपासाठी पंधरा-वीस दिवस पायपीट करणारा माणूस परत येऊन सून मात्र गोरी शोधतो. बरं, विठोबावरून शहाणपण तरी घ्यावं! भक्तांचे हात आणि दूध-दह्याचे अभिषेक यांनी त्या मूर्तीचीसुद्धा झीज झाली, आणि २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना तिच्यावर वज्रलेप करावा लागला. अहो, जिथे अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला दगड दही चोळून झिजतो, तिथे आपल्या गालांची काय कथा?

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं नाही.

माझी एक पुतणी आहे. रंगानं सावळी, बुद्धीनं तल्लख. दाखवण्याच्या कार्यक्रमाला महिना होता, तेव्हा कोणा हितचिंतक बाईंनी तिला एका मलमाचं नाव सांगितलं. औषधाच्या दुकानदारानं ते चिठ्ठी न मागता दिलं. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला, की साऱ्या घरानं तिची दृष्ट काढली. त्या ट्यूबमध्ये होतं जोरदार स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्या खानदानातली नावं. औषध म्हणून ती उत्तम. योग्य रोगावर, योग्य जागी, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लावली तर आराम देतात. पण गोरं व्हायला म्हणून रोज तोंडाला फासली, तर कातडी पातळ होत जाते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालांवर लव वाढते. आणि थांबवावं, तर चेहऱ्याची आग आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. व्यसनच ते. पुतणीला गॅसपुढे उभं राहवेना की उन्हात जाववेना. आठ महिने त्वचारोगतज्ज्ञांकडे खेटे घातले, तेव्हा कुठे चेहरा ताळ्यावर आला. मधे एकदा ती मला म्हणाली, "काका, आधी माझा रंग लोकांना आवडायचा नाही, तेव्हा वाईट वाटायचं. पण चेहरा दुखत तरी नव्हता!"

यावर माझ्याकडे विनोद नाही.

सरकारनं २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा चांगला आहे. पण आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठी नसली तरी चालते, सुटे पैसे लागतात.

मघाशी मी म्हणालो, मूत्रपिंडावर कोणी काही थापत नाही. तेही सर्वस्वी खरं नव्हे. काही बेनामी गोऱ्या मलमांत पारा असतो. तो कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, आणि कातडीतून आत शिरून मूत्रपिंडाशी जाऊन बसतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या पंधरा जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार सापडला, आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरेपणाचं मलम लावत होते. म्हणजे लेप गालावर आणि घाव कमरेत!

गजकर्णाचीही तीच कथा. खाज सुटली की स्टेरॉइड आणि आणखी दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली भेळ लावायची. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत सुखानं संसार थाटते. आता नेहमीच्या गोळ्यांनाही दाद न देणारी एक जात बोकाळली आहे. २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी तिचं बारसं केलं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. आपल्या देशाचं नाव जगात व्हावं असं लहानपणी वाटायचं. पण ते बुरशीला लागेल अशी कल्पना नव्हती.

रंगाच्या नादात कातडी काय सांगते आहे ते ऐकूच येत नाही, हा माझा खरा आक्षेप आहे. आमच्या भाच्याची मान काळी पडली. ताईला वाटलं, पोरगा आंघोळ नीट करत नाही. तिनं लिंबू, बेसन आणि शेवटी भांड्याची घासणी असा चढता उपचार केला. मान काळी ती काळीच, वर सोललेली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मानेकडे एकदा आणि पोटाच्या घेराकडे एकदा बघितलं आणि रक्तातली साखर तपासायला सांगितली. मानेवर, काखेत अशी जाड, मखमली काळपट कातडी दिसली, तर पुष्कळदा शरीर इन्शुलिनला जुमानत नसल्याची ती खूण असते. साखर काठावर निघाली. पोरगा आता संध्याकाळी मैदानावर पळतो, बाटलीतली गोड पाणी बंद आहेत. तसाच एखादा फिकट चट्टा, ज्यावर टाचणी लावली तरी कळत नाही. त्यावर पावडर फासू नये, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचे उपचार फुकट मिळतात, आणि वेळेवर घेतले तर माणूस ठणठणीत बरा होतो. कातडी म्हणजे शरीराचं दारावर लावलेलं वर्तमानपत्र आहे. आपण मजकूर वाचत नाही. कागद पांढरा की पिवळा यावरच हुज्जत घालतो.

आता लिंबाबद्दल. लिंबाची जागा वरणभातावर आहे. तोंडाला लिंबू चोळून उन्हात गेलात, तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात. म्हणजे गोरं व्हायला गेलो आणि चितकबरे होऊन आलो. उलट पोटात गेलेल्या लिंबाचा पराक्रम पाहा. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारी डॉक्टरानं 'सॅलिस्बरी' जहाजावर खलाशांना संत्री-लिंबं खाऊ घातली, आणि हिरड्यांतून रक्त येणारी, अंगावर डाग पडलेली माणसं आठवड्याच्या आत उठून बसली. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोहसुद्धा अंगी लागतं. शेवग्याचा पाला, अळू, गाजर, आवळा, डाळ, चालत असेल तर अंडं आणि मासळी. कातडीचा खुराक हाच. गाजरं मात्र बेतानं, फार खाल्लीत तर तळहात पिवळे होतात आणि लोक काविळीची चौकशी करतात. मुरुमांचं खापर आपण बटाटेवड्यावर फोडतो. पण अभ्यासकांचं बोट साखर-मैद्याकडे अधिक आहे. वडा निर्दोष सुटला असं मी म्हणत नाही, त्याला संशयाचा फायदा मिळाला आहे एवढंच. आणि तहान नसताना तांब्यावर तांब्या पाणी रिचवून चेहरा टवटवीत होत नाही. रात्री झोपमोड मात्र होते.

माझ्या धोरणाचा जाहीरनामा अगदी छोटा आहे. पाणी कोमट, साबण बेताचा, आणि तोही काखा-जांघा-पायांपुरता. घासणी भांड्यांना. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच दोन थेंब खोबरेल. सांदीकोपरे कोरडे करून मगच कपडे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा; एकत्र कुटुंबपद्धतीचा अभिमान टॉवेलापर्यंत नेऊ नये. दुपारी छत्री, पूर्ण बाह्या, परवडत असेल तर ऊन अडवणारं मलम. तंबाखू-विडी बंद. झोप पुरेशी. आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कोणतीही ट्यूब तोंडाला लावायची नाही, मग ती सांगणारी बाई कितीही हितचिंतक असो.

आमच्या सौ.चं म्हणणं, "यात नवीन काय सांगितलंत? हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं." बरोबर आहे. पण आजीकडे खोबरेल होतं, ट्यूब नव्हती. खोबरेल सांगण्यात कोणाचा फायदा नाही, म्हणून ते ओरडून सांगावं लागतं.

एवढं सांगून झालं तरी आपल्याकडे बाळ जन्मलं की दवाखान्याच्या दारातच दुपटं बाजूला सारून एखादी मावशी विचारणारच, "रंग कोणावर गेलाय गं?" तिला कोणीतरी शांतपणे सांगा, "मावशी, रंग बाळावरच गेलाय. त्याचाच आहे, पक्का आहे. फक्त तुम्ही घासू नका."