विश्लेषण : खुबा बदलण्याआधी घर का बदलायचं?

पडवीतली आजोबांची आरामखुर्ची ही आमच्या घरातली सगळ्यात मानाची जागा. गेल्या वर्षी आत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला कुडाळजवळच्या आमच्या घरी आणलं, तेव्हा मी मोठ्या प्रेमाने तीच खुर्ची पुढे केली. ‘आते, हय बस, बरा वाटतला.’ ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. थोड्या वेळाने तिचा चष्मा खाली पडला. तो उचलायला ती बसल्या जागी वाकली आणि ‘टक्’ असा आवाज आला. नवा बसवलेला सांधा निखळला होता. एक पाय आखूड दिसत होता, आत वळला होता. मग रुग्णवाहिका, महामार्ग, पुन्हा भूल आणि सांधा पुन्हा जागेवर.

आत्या आज चालते, बाजारातही जाते. पण सर्जनने नीट केलेलं काम त्या दिवशी आमच्या घराने बिघडवलं. मी इंजिनीअर, तरी खुर्चीची उंची मोजावी असं मला सुचलं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : ऑपरेशनची तारीख ठरली की रुग्णाइतकीच घराचीही तपासणी व्हायला हवी. ती नातेवाइकांच्या समजुतीवर सोडून चालणार नाही.

या ऑपरेशनमध्ये नेमकं काय बदलतात?

खुबा म्हणजे वाटी आणि चेंडूचा सांधा. कमरेच्या हाडात वाटी, मांडीच्या हाडाच्या टोकाला चेंडू. झिजलेला चेंडू काढून तिथे धातूचा किंवा सिरॅमिकचा चेंडू आणि वाटीत मजबूत प्लॅस्टिकचं किंवा सिरॅमिकचं अस्तर बसवतात. आजच्या पद्धतीचा पाया इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती भराभर झिजली, मग पॉलिथिन आलं.

हा सांधा टिकतो किती? ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दहापैकी सुमारे सहा सांधे २५ वर्षं टिकतात. म्हणजे यंत्र चांगलं आहे. धोका जास्त असतो तो सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि ते आठवडे रुग्ण घरी काढतो.

कुणाला करावं लागतं?

वयोमानानुसार झीज, संधिवात, किंवा चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणं (एव्हीएन) ही मुख्य कारणं. एव्हीएन तिशी-चाळिशीतही होतो. दारू आणि स्टेरॉइड्सचा दीर्घ वापर ही त्याची ओळखीची कारणं. खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं, कधी गुडघ्यातही. त्यामुळे कित्येक जण वर्षभर गुडघ्याला तेल चोळत बसतात.

चौथं कारण म्हणजे पडल्यामुळे मोडलेलं खुब्याचं हाड. त्यात तयारीला वेळच मिळत नाही. त्यामुळे घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल, तर खालची यादी ऑपरेशन नसलं तरी उपयोगाची आहे.

घराचा आणि सांध्याचा संबंध काय?

नव्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि आवरण भरून यायला वेळ लागतो. तोपर्यंत काही हालचालींत चेंडू वाटीतून बाहेर येऊ शकतो. विशेषतः मागच्या बाजूने छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनात तीन गोष्टी टाळायला सांगतात : खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि ऑपरेशनचा पाय आत वळवणं. ही पथ्यं साधारण ६ ते १२ आठवडे असतात. छेद कुठून घेतला त्यावर ती बदलतात, म्हणून आपल्या सर्जनचा शब्द अंतिम.

आता आपल्या घराकडे पाहा. पाटावर जेवण, विळीवर बसून नारळ खवणं, जमिनीवर बसून पूजा, उकिडवं बसून भांडी, बैठा संडास. कोकणातल्या घरातली निम्मी कामं ९० अंशांच्या पलीकडची आहेत. शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेलं सूचनापत्र इथे पुरत नाही. आम्हाला मिळालेलं दोन पानी पत्रक इंग्रजीत होतं. आत्याने ते घडी घालून औषधांच्या पिशवीत ठेवलं, आणि ते मी उघडलं तेव्हा खुर्चीचा प्रकार घडून गेला होता.

मेजरिंग टेप घ्या आणि घरभर फिरा

ऑपरेशनच्या किमान तीन आठवडे आधी, म्हणजे गवंडी-सुतार मिळायला वेळ राहील असं, पुढचं तपासा.

• खुर्ची : बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहिला पाहिजे. मध्यम उंचीच्या माणसाला बैठक साधारण १८ ते २० इंच लागते. हात असलेली, न डगमगणारी खुर्ची निवडा. आरामखुर्ची, झोपाळा, मऊ सोफा आणि बुटकी प्लॅस्टिकची खुर्ची बाद.

• पलंग : तोच नियम. कमी असेल तर पायांखाली घट्ट बसणारे लाकडी ठोकळे द्या. नुसत्या विटा ठेवू नका, त्या सरकतात.

• दारं : वॉकरची रुंदी मोजा आणि मग दारांची. न्हाणीघराची दारं बऱ्याचदा दोन फुटांचीच असतात. जुन्या दोन फळ्यांच्या दाराची एकच फळी उघडायची सवय असेल, तर दोन्ही उघडून ठेवा.

• उंबरठा : चिऱ्याच्या जुन्या घरात तो चार-सहा इंच सहज असतो. प्रत्येक उंबरठा वॉकरने ओलांडायचा आहे. शक्य असेल तर झोपणं, जेवण, संडास या तिन्ही गोष्टी उंबरठ्याच्या एकाच बाजूला आणा.

• संडास : कमोड हवाच. नसेल तर कमोडची खुर्ची आणा. कमोड असला तरी तो बुटका असू शकतो, वर बसवायची उंच सीट मिळते. संडास परसात असेल तर रात्री तिथे जायचं नाही, खुर्ची खोलीतच ठेवा.

• न्हाणी : बसायला उंच स्टूल, पायाखाली न घसरणारी रबरी चटई, भिंतीला पक्की दांडी. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. माणसाचं वजन पडलं की ती उखडते.

• जमीन : गोधड्या, पायपुसणी, वायरी उचला. सारवलेली जमीन ओली असेल तर वॉकर घसरतो. कोंबड्या आणि मांजर पायात येतात, त्यांची सोय आधी करा.

• उजेड : पावसात लाइट जाणारच. पलंगाशी हाताला लागेल असा चार्जिंगचा दिवा आणि मोबाइल ठेवा.

• हाताची उंची : रोजचे डबे, तांब्या, देवाचं साहित्य कमरेच्या उंचीवर आणा. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो. तो आमच्याकडे असता, तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता.

शेवटी रंगीत तालीम करा. वॉकर आधीच आणून रुग्णालाच चालवायला लावा : पलंगापासून संडासापर्यंत आणि परत. कागदावर दिसत नाही ते या फेरीत दिसतं.

देवघराचा प्रश्न छोटा समजू नका. आत्याचं पहिलं वाक्य होतं, ‘जमनीर बसाक गावाचा नाय, तर पूजा कशी करतलंय?’ आम्ही देव टेबलावर घेतले, तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर आला. ज्या सवयी बदलायच्या आहेत, त्यावर आधीच बोला. घरी आल्यावर नियम सांगितले की ते शिक्षेसारखे वाटतात.

स्वतःची तयारी काय?

शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असेल तर तो नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायावरची जखम आधी बरी करायची. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत बोटांत चिखल्या होतात. त्या किरकोळ वाटतात, पण डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी होते. साखर आटोक्यात नसेल आणि डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, तर वाद घालू नका. तंबाखू, बिडी, मिश्री किमान महिनाभर आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका.

वजनाचं गणित इंजिनीअर म्हणून सांगतो. एका पायावर उभं राहिल्यावर तोल सांभाळायला खुब्याच्या बाजूचे स्नायू जोरात खेचतात. त्यामुळे चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीनपट भार येतो. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला १५० ते १८० किलो. पाच किलो वजन उतरलं तर भार १२ ते १५ किलोंनी कमी. याच तत्त्वाने काठी दुखऱ्या बाजूला न धरता उलट्या हातात धरायची. मांडीचे आणि घोट्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आधीच शिकून घ्या. पायऱ्यांचा नियम पाठ करा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

तारीख कधीची घ्यायची?

निवडीला वाव असेल तर भर पावसाळा टाळा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि खळ्यात पाऊल ठरत नाही. चतुर्थीच्या तोंडावरही नको. चाकरमानी आले की मदतीला माणसं असतात खरी, पण घर पाहुण्यांनी भरतं, जमिनीवर अंथरुणं पडतात आणि आजारी माणूसच स्वयंपाकघरात उभं राहतं. मुंबईच्या मुलांनी रजा चतुर्थीला घ्यावी तशीच ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठीही घ्यावी. ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयात सात माणसं आणि दहाव्या दिवशी घरी एकही नाही, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन आणि निवडलेलं रुग्णालय त्यात बसतं का, हे तारीख ठरवण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या हेल्पलाइनवरून पक्कं करा. वॉकर, कमोडची खुर्ची, गवंडीकाम यांचा खर्च वेगळा धरा.

सांध्याचं स्टिकर किंवा कार्ड जपून ठेवा, त्याचा मोबाइलमध्ये फोटोही काढा. कारण आहे. २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने ‘एएसआर’ हा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते आणि त्यातल्या अनेक रुग्णांचा नंतर पत्ताच लागला नाही. आपल्या शरीरात कुठल्या कंपनीचा, कुठल्या क्रमांकाचा भाग आहे, हे आपल्याला माहीत हवं.

ताबडतोब डॉक्टर कधी?

पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसला आणि टेकवेना, पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, जखमेतून पाणी-पू आला, ताप आला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा सर्जनला गाठा. निखळलेला सांधा घरी ओढून बसवायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका.

मग जबाबदारी कुणाची?

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. तरुण बाहेर, म्हातारे घरात, हे आकड्यांतही दिसतं. अशा जिल्ह्यात ‘घरी काळजी घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. घरी काळजी घेणारं माणूस बहुतेक वेळा त्याच वयाचं असतं.

हे सुधारायला मोठी यंत्रणा लागत नाही. भरतीच्या अर्जावर रक्तगट विचारतात, तिथेच चार प्रश्न वाढवा : कमोड आहे का, पलंग किती उंच, दार किती रुंद, सोबत कोण? उत्तरांसोबत घराचे मोबाइलवर काढलेले फोटो मागवा. सूचनापत्र मराठीत द्या, चित्रांसह. वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या तीन महिन्यांनी माळ्यावर जातात. ग्रामपंचायतीने किंवा गावातल्या मंडळाने त्या जमा करून पुढच्याला द्याव्यात. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या घरांना साजेशी यादी तिथे तयार झाली आणि आशाताईंच्या हाती गेली, तर कितीतरी फेऱ्या वाचतील.

यावर कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर ऑपरेशनच नको. ते चूक ठरेल. दुखणारा खुबा माणसाला हळूहळू खोलीत कोंडतो, आणि ऑपरेशन त्याला पुन्हा रस्त्यावर आणतं. आत्याचंच उदाहरण समोर आहे. फक्त आपलं घरही त्या ऑपरेशनचा भाग आहे, हे धरून चाला.

आरामखुर्ची आम्ही टाकली नाही, माळ्यावर ठेवली. पडवीत तिच्या जागी हात असलेली साधी लाकडी खुर्ची आहे. तिची उंची साडेअठरा इंच. ती मी मोजली आहे.