सरांचे बेट

आरे-वारेला हल्ली कोण जात नाही? रत्नागिरीहून समुद्राकाठच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर. शिरगाव, साखरतर मागे टाकून गाडी चढणीला लागते आणि वळणावर खाली निळे पाणी, सुरूचे बन आणि लांबलचक पुळण एकदम दिसते. मंडळी उतरतात, फोटो काढतात, शहाळे पितात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र तो रस्ता दिसला की आमचे मरहूम सर आठवतात. त्यांचे घर तिथल्या खाडीच्या आतल्या अंगाला, खाजणाच्या बांधाजवळ होते. ओहोटीला चिखलातून पायवाट उघडी पडे, भरतीला चारी बाजूंना पाणी. म्हणून सर त्याला 'आमचे बेट' म्हणत.

बीएडच्या वर्षी त्यांनी आम्हा तिघांना सोबत नेले. एस.टी.त बसल्यावर पहिला प्रश्न आला, "आज तिथी कोणती?" कोणालाच सांगता येईना. सरांनीच सांगितले, "चतुर्थी. तिथीची पाऊणपट करा. चाराचे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अडीचला धक्क्यावर पोचलो तर होडी थेट दाराशी लागेल." खाडीकाठी हा हिशेब हिंदू-मुसलमान सगळ्यांचा एकच. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पाढे का शिकवायचे हे आम्हाला बीएडच्या पुस्तकापेक्षा त्या एस.टी.त जास्त कळले.

घरी सरांच्या आई होत्या. सर आत शिरले, सलाम केला आणि आधी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. कॉलेजात ज्यांच्यापुढे सगळे उभे राहत, ते तिथे जमिनीवर. तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचे कालवण आणि सोलकढी पुढे आली. वाढताना आई म्हणाल्या, "याचे विद्यार्थी म्हणजे माझे नातूच की."

संध्याकाळी मगरिबनंतर नावाडी ओट्यावर आला. त्याच्या मुलीने सातवी पास केली होती. हायस्कूल खाडीपलीकडे. बाप म्हणाला, "सर, उधाणाला पाण्याला ओढ असते. पोरीला कशी पाठवू? आणि ती गेली तर दुपारी जाळी कोण सांधणार?" सरांनी त्याला उपदेश केला नाही. सूरह कहफमधला हजरत मूसा (अलै.) यांचा प्रवास सांगितला. दोन समुद्र मिळतात तिथवर ज्ञानासाठी चालत जायचा त्यांचा निश्चय, मग हजरत खिज्र (अलै.) यांची भेट, आणि समुद्रावर पोट भरणाऱ्या गरिबांची होडी, जिला खिज्र यांनी नुकसान पोचवले. मूसांना ते पटले नाही. पुढे उलगडा झाला की तिथला राजा प्रत्येक चांगली होडी हिसकावून घेत होता, खोट असलेली तेवढी मालकाकडेच राहिली.

मग सर म्हणाले, "दुपारचे तुझे काम थोडे बुडेल. तेवढी खोट सोस. पोरीचे आयुष्य तिच्याच हातात राहील. पाण्याच्या भीतीचे आपण बघू."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या मुलीला समोर बसवून महिनाभराच्या भरतीचे वेळापत्रक तिच्याकडूनच लिहवून घेतले. कोणत्या दिवशी बांधावरून पायी, कोणत्या दिवशी होडी, उधाणाच्या दिवशी किती लवकर निघायचे, वाडीतली आणखी कोणती मुले सोबत. बापाने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हते, पण भरती कधी येते ते त्याला कोणी शिकवायला नको होते. एकेक दिवस मुलीने वाचला आणि त्याने मान डोलावली. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे हिशेब." तोच त्याचा होकार होता. ती दहावी झाली, पुढेही शिकली.

आपल्या घरांत मुलींची शाळा बंद होते तेव्हा कारण बहुधा असेच असते. अंतर, एस.टी.ची वेळ, सोबत, घरकाम. आपण मात्र त्याला रिवाजाचे नाव देतो, नाहीतर बापाला अडाणी म्हणून मोकळे होतो. सरांनी त्या बापाची भीती खरी मानली आणि तिच्यावर उपाय शोधला. शिक्षकाचे काम फळ्याशी संपत नाही हे त्यांनी आम्हाला न सांगता शिकवले.

वाचकहो, या सुट्टीत आरे-वारेला जरूर जा. मुलांना भरतीचा हिशेब करायला लावा. समुद्रात उतरण्याआधी गावकऱ्यांनाही विचारा. आणि जाता-येता तुमचे एखादे वृद्ध शिक्षक राहत असतील, तर त्यांच्या दारी सलामाला थांबा. आमच्या सरांसाठी आता आमच्याकडे दुआच उरली आहे. अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.